रिकॉल झाला, तरी ब्रेकची तक्रार का राहते?

प्रश्न थोडक्यात असा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मालकाने कोल्हापूरकडून एमएच-०९ पासिंगची सेकंडहँड हॅचबॅक घेतली. कंपनीने त्या मॉडेलच्या ब्रेकसाठी रिकॉल (दोषाच्या शंकेने गाड्या परत बोलावून फुकट दुरुस्ती) जाहीर केला, पण पत्र आलं नाही, बातमीवरून कळलं. पहिल्या खेपेला वर्कशॉपने ‘पार्ट आलेला नाही’ म्हणून परत पाठवलं, दुसऱ्या खेपेला तपासून ‘ओके’ लिहून दिलं. पुढे चोरला घाट उतरताना पेडल तळाला गेलं, गाडी गिअरवर आणि हँडब्रेकवर कशीबशी थांबवली. दुसऱ्या दिवशी ब्रेक ठणठणीत. वर्कशॉप म्हणतं दोष नाही, आणि वर पॅड-डिस्कचं एस्टिमेट देतं. हे रिकॉलमध्ये का धरत नाहीत, आणि आता काय करायचं?

या वर्णनात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र झाल्या आहेत. रिकॉल एका ठरावीक पार्टपुरता असतो. घाटात पेडल तळाला जाणं हा बहुधा वेगळाच बिघाड आहे आणि तो रिकॉलच्या यादीत कधीच नव्हता. वर्कशॉपने दोन्ही एकाच जॉब कार्डवर ‘ब्रेक कम्प्लेंट’ एवढ्या शब्दांत लिहून घेतल्या, रिकॉलचा पार्ट पाहिला, तो बरोबर निघाला, आणि कार्ड बंद केलं. त्यांनी फसवलं असंही नाही, आणि तुमचं काम केलं असंही नाही.

आधी रिकॉल किती अरुंद असतो ते बघा. मे २०१८ मध्ये मारुतीने नवी स्विफ्ट आणि बलेनो मिळून ५२,६८६ गाड्या बोलावल्या, त्या फक्त ब्रेकच्या व्हॅक्यूम होजसाठी, म्हणजे एका नळीसाठी. ऑक्टोबर २०२२ मध्ये वॅगन-आर, सेलेरियो आणि इग्निसच्या ९,९२५ गाड्या बोलावल्या, त्या मागच्या ब्रेक असेंब्लीतल्या एका पिनसाठी. ती तुटून आवाज येण्याची आणि पुढे ब्रेकवर परिणाम होण्याची शक्यता होती. या दुसऱ्या रिकॉलमध्ये ३ ऑगस्ट ते १ सप्टेंबर २०२२ या एका महिन्यात बनलेल्या गाड्याच होत्या. म्हणजे तेच मॉडेल, तोच रंग, शेजाऱ्याची गाडी रिकॉलमध्ये आणि तुमची नाही, असं सहज होतं. गाडी कधी विकत घेतली याला इथे काही अर्थ नाही. कधी बनली आणि चासी नंबर काय, एवढंच चालतं. आरसी बुकात फक्त महिना-वर्ष असतं, त्यामुळे तारखेच्या कडेवरची गाडी असेल तर अंदाज बांधत बसू नका. १७ अक्षरांचा चासी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाका किंवा कस्टमर केअरला द्या.

आणखी एक. रिकॉलच्या निवेदनात बऱ्याचदा ‘तपासून गरज असल्यास बदलू’ असं असतं. त्यामुळे दहा गाड्या गेल्या तर दहाही गाड्यांचा पार्ट बदलेल असं नाही. पण ‘तपासलं’ म्हणजे काय तपासलं, कोणता लॉट नंबर वाचला, काय मोजलं, हे लिहून मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. नुसतं ‘ओके’ घेऊन बाहेर पडू नका.

आता तुमचं पेडल. ब्रेकच्या तक्रारीत पेडल काय सांगतं ते ऐकायला शिकलं की निम्मं निदान घरीच होतं, आणि वर्कशॉपवाल्यालाही कळतं की समोरचा माणूस नुसता घाबरलेला नाही.

पेडल दगडासारखं कडक आणि गाडी थांबायला जास्त जोर लागतो, तर संशय बूस्टरवर, म्हणजे व्हॅक्यूमच्या मदतीने पायाचा जोर वाढवणाऱ्या भागावर. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली सरकलं पाहिजे. सरकलं नाही तर व्हॅक्यूम पोचत नाही: होज, तिच्यातला एकमार्गी व्हॉल्व्ह, किंवा डिझेल गाडीत व्हॅक्यूम पंप. दुसरी चाचणी उलटी आहे. इंजिन एक-दोन मिनिटं चालवून बंद करा आणि पेडल सावकाश तीन वेळा दाबा. दर वेळी ते थोडं वर थांबलं तर बूस्टर हवा धरून आहे. वर्कशॉपने गेज लावलं तर एक गोष्ट लक्षात ठेवा: बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. पेट्रोल इंजिनाचं आयडलवरचं व्हॅक्यूम इथे पणजीपेक्षा पारा-मापाने ६० मिलिमीटरच्या आसपास कमीच दिसणार. तेवढ्यावरून बूस्टर बदलायला सांगत असतील तर थांबा.

पेडल स्पंजसारखं मऊ लागत असेल तर लाइनमध्ये हवा. दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत असेल आणि बाहेर कुठेही गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरची (पेडलच्या जोराने ऑइल लाइनमध्ये ढकलणाऱ्या भागाची) आतली सील ऑइल मागे सोडते आहे. पहिल्यांदा खोल जातं आणि लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर वर येतं, तर मागच्या ड्रममधला ऑटो अॅडजस्टर अडकलाय किंवा चाकाचं बेअरिंग ढिलं आहे. पेडल थरथरतं आणि स्टिअरिंगही हलतं, तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. गाडी एका बाजूला ओढते, तर कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना जाम आहेत, होज आतून फुगून बंद झाली आहे, नाहीतर टायरच्या हवेत फरक आहे. टायर आधी बघा, फुकट आहे.

एबीएसवाल्या (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या) गाडीत ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की पेडल पायाखाली खडखडतं आणि आवाज येतो. तो दोष नाही. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारमध्ये एबीएस सक्तीचं झालं, आणि तेव्हापासून ही ‘तक्रार’ घेऊन येणारे पुष्कळ आहेत.

तुमच्या गाडीत यातलं काहीच नाही. तुमचं पेडल सपाट रस्त्यावर ठीक, घाटात तळाला, थंड झाल्यावर पुन्हा ठीक. याचं उत्तर ब्रेक ऑइलमध्ये आहे, आणि थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण आपल्या भागात हाच बिघाड सगळ्यात जास्त आणि हाच सगळ्यात कमी पकडला जातो.

आंबोलीचा घाट वरून सावंतवाडीपर्यंत धरला तर साधारण ६०० मीटरचा उतार आहे. माणसांसकट १,२०० किलोची गाडी तेवढी खाली आणताना जवळपास ७ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत वीस लिटर पाणी खोलीच्या तापमानावरून उकळीला येईल. खालच्या गिअरमध्ये उतरलात तर यातली बरीचशी इंजिन खातं. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये पाय ब्रेकवर ठेवून उतरलात तर जवळजवळ सगळी डिस्क, पॅड आणि कॅलिपरमध्ये जाते, कॅलिपरमधून ऑइलमध्ये. चोरला, अनमोड, तिलारी, सगळीकडे हिशेब तोच. तिलारी लांबीला कमी आणि उताराला जास्त तीव्र, म्हणून तिथे उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. रबरी होजमधूनही पाणी आत जातं. ‘डॉट’ हा ब्रेक ऑइलचा दर्जा, डब्यावर लिहिलेला असतो. नवं, कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं १४० ला. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. हे ‘ओले’ आकडे साधारण ३.७ टक्के पाणी धरून आहेत. खानापूर-जांबोटी पट्ट्यातला पावसाळा बघता दोन वर्षांनी ऑइल बदलणं ही चैन नाही. ऑइल उकळलं की लाइनमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पेडल रिकामं जातं. गाडी अर्धा-पाऊण तास उभी राहिली की वाफ पुन्हा द्रव होते आणि पेडल जसंच्या तसं. सर्व्हिस अॅडव्हायझर दुसऱ्या दिवशी शहरात दोन किलोमीटर चक्कर मारतो. त्याला काय सापडणार?

याच्याशी गल्लत होणारी दुसरी गोष्ट म्हणजे पॅड तापणं. त्यात पेडल वर आणि कडकच राहतं, पण गाडी थांबत नाही, करपल्याचा वास येतो. पेडल तळाला गेलं तर ऑइल, पेडल टणक असून गाडी धावतच राहिली तर पॅड. ही एवढी ओळ जॉब कार्डवर गेली तर चुकीच्या पार्टचं एस्टिमेट हातात पडत नाही. तुम्हाला दिलेलं पॅड-डिस्कचं एस्टिमेट त्यामुळेच पटत नाही. पॅड नवे टाकले तरी जुनं ऑइल तसंच उकळेल. उलट नव्या जाड पॅडमुळे पिस्टन मागे ढकलला जाऊन रिझर्व्हॉयरमधून (ऑइलच्या टाकीतून) ऑइल सांडेल, कारण मध्ये कुणीतरी पातळी कमी दिसली म्हणून टॉप-अप केलेलं असतं. पातळी उतरते ती बहुतेक वेळा पॅड झिजल्यामुळे. टॉप-अप करून ती खूण आपणच पुसतो.

तपासणी अशी मागा: ऑइलचा उकळबिंदू मोजून कार्डवर लिहा, आणि नमुना रिझर्व्हॉयरमधून न घेता पुढच्या कॅलिपरच्या ब्लीडर निप्पलमधून (हवा-ऑइल बाहेर काढायच्या तोंडातून) घ्या. टॉप-अपमुळे रिझर्व्हॉयरमधलं ऑइल ताजं दिसतं. तापतं ते कॅलिपरमधलं. पेनासारखा दिव्यांचा टेस्टर लावून ‘हिरवा आला’ म्हणतात, त्यावर फार भरवसा ठेवू नका. नमुना उकळवून आकडा देणारा टेस्टर जास्त खरा. तो नसेल तर सरळ बदलून टाका. हॅचबॅकला एक लिटर पुरतं, आणि एका डिस्कपेक्षा स्वस्त पडतं. डबा सीलबंद असावा. रॅकवरच्या अर्ध्या उघड्या डब्याने महिनाभर पाणी प्यालेलं असतं. झाकणावर डॉट ४ लिहिलं असेल तर डॉट ४ किंवा ५.१, डॉट ५ मात्र सिलिकोनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. काही गाड्यांत क्लचही याच रिझर्व्हॉयरवर चालतो, तेव्हा त्याचीही लाइन साफ करून घ्या.

बदलताना एक खोडी होते. जुन्या गाडीत हवा काढायला पेडल पार तळापर्यंत हाणतात. मास्टर सिलिंडरचा जो भाग वर्षानुवर्षं वापरात नव्हता, गंजलेला होता, तिथून सील घासत जाते आणि फाटते. मग ‘ऑइल बदललं आणि दुसऱ्या दिवसापासून पेडल बसायला लागलं’. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की हे टळतं. एबीएस युनिटमध्ये हवा शिरली असेल तर नुसतं हाताने ब्लीडिंग पुरत नाही, स्कॅनर लावून पंप फिरवावा लागतो. कोणतं चाक आधी, हे मॅन्युअलप्रमाणे, गाडीगणिक बदलतं.

घाटात पुन्हा कधी पेडल गेलंच तर: भराभर पंप करा, एक-एक गिअर खाली आणा, आणि हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो थोडा-थोडा ओढा. हँडब्रेक केबलवर चालतो, ऑइल उकळलं तरी तो शाबूत असतो. थांबल्यावर डिस्कवर पाणी ओतू नका, तडे जातात. तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक कचकचून ओढून ठेवू नका. गिअरमध्ये घाला आणि चाकाला दगड लावा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरणारे अजून आहेत. न्यूट्रलमध्ये इंजिन ऊर्जा खात नाही, आणि इंजिन बंद असेल तर बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरतंच व्हॅक्यूम शिल्लक असतं आणि स्टिअरिंगही जड होतं. वाचलेलं पेट्रोल काही रुपयांचं असतं.

इथवर तुमच्या घाटाच्या तक्रारीचं. आता रिकॉलकडे, कारण तोही अर्धवटच आहे.

सीमाभागात हा त्रास दुप्पट होतो त्याचं साधं कारण असं की गाडी एका राज्यात विकली जाते आणि दुसऱ्या राज्यात फिरते. कंपनीच्या नोंदीत नाव-मोबाइल पहिल्या मालकाचा. आरसी तुमच्या नावावर झाली, केए-२२ किंवा केए-२३ नंबर पडला, तरी कंपनीच्या नोंदीतला मोबाइल आपोआप बदलेल या भरवशावर राहू नका. म्हणून सेकंडहँड गाडी घेतल्या-घेतल्या कस्टमर केअरला आरसीची प्रत, चासी नंबर आणि आपला मोबाइल पाठवून मालक बदलून घ्या. रिकॉल चासी नंबरला चिकटलेला असतो, पासिंगला नाही. एमएच-०९ ची गाडी बेळगावात आणि केए-२३ ची कोल्हापुरात, कंपनीच्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये हे काम व्हायला हवं. निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ आहे. तिथे पार्ट असेल तर ‘तुमचं होम डीलर बेळगाव’ असल्या उत्तराला मान डोलावू नका. फोन करताना नुसतं ‘पार्ट आहे का’ असं न विचारता ‘माझ्या चासी नंबरवर पार्ट अलॉट झालाय का’ असं विचारा. रिकॉलचे पार्ट बऱ्याचदा चासी नंबरवर मागवले जातात; ऑर्डर टाकलीच नसेल तर तो येणारच नाही, आणि ‘येईल, फोन करतो’ हे अनंतकाळ चालू राहतं. ऑर्डरची तारीख आणि नंबर मागा.

पार्ट नसेल तेव्हा एक लेखी प्रश्न टाका: पार्ट येईपर्यंत ही गाडी चालवणं सुरक्षित आहे का? ईमेलवर, चासी नंबरसह. या प्रश्नावर वर्कशॉप तोंडी ‘काही नाही होत, चालवा’ म्हणतं, पण लिहून देताना विचार करतं. कंपनीच्या कचेरीतून उत्तर आलं की पार्टही लवकर येतो असा अनुभव आहे.

जॉब कार्डवर दोन ओळी वेगळ्या लिहून घ्या. पहिली रिकॉलची, कॅम्पेन कोडसकट (कंपनीने त्या रिकॉलला दिलेला नंबर). दुसरी तुमच्या लक्षणाची: ‘घाटात सलग ब्रेक वापरल्यावर पेडल तळाला जातं, गाडी थंड झाल्यावर पूर्ववत, आवाज नाही, गळती नाही.’ काउंटरवरचा अॅडव्हायझर कन्नड बोलणारा असेल आणि कार्ड इंग्रजीत भरत असेल, तर तुमची ओळ मराठीत स्वतःच्या हाताने लिहा, खाली सही करा आणि कार्डाचा फोटो काढा. भाषांतरात ‘पेडल तळाला जातं’चं ‘ब्रेक वीक’ होतं, आणि तिथेच केस ढिली पडते. ‘घाटात चाचणी घ्या, मी सोबत येतो’ हेही लिहा. नाही म्हणाले तरी ती ओळ राहते.

‘बाहेर सर्व्हिस केली म्हणून रिकॉल नाही’, ‘वॉरंटी संपली’, ‘तुम्ही पहिले मालक नाही’: तिन्ही उत्तरं चुकीची. रिकॉलचं काम वॉरंटीवर अवलंबून नाही आणि फुकट असतं. तोच पार्ट तुम्ही आधीच बाहेरचा बसवला असेल तेवढी एक अडचण खरी. ‘हा रिकॉल नाही, सर्व्हिस कॅम्पेन आहे’ असं म्हणाले तर मात्र मुदत विचारा. कॅम्पेनला मुदत असू शकते.

पार्ट बदलला गेला तर घरी नेण्याआधी काय बघायचं? जुना पार्ट बघायला मागा आणि फोटो घ्या. तो कंपनीकडे परत जात असेल तर घेऊन जाऊ देणार नाहीत, फोटो पुरतो. शून्य रकमेचं का होईना, बिल घ्या, त्यावर कॅम्पेन कोड, आत-बाहेरच्या तारखा आणि किलोमीटर. आठ-दहा दिवसांनी चासी नंबर पुन्हा टाकून रिकॉल बंद दिसतो का ते पाहा. उलटंही होतं: काम झालेलं नसताना नोंद ‘पूर्ण’ दिसते. मग तुमच्याकडे ‘पार्ट नाही’ म्हणून परत पाठवल्याचं कार्ड असलं पाहिजे.

दुरुस्तीनंतर नव्याने उपटणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात. व्हॅक्यूम होज बदलली आणि क्लिप पूर्ण बसली नाही, तर आयडल वर-खाली होतं आणि पेडल कडक. मास्टर सिलिंडर किंवा बूस्टर बदलला आणि पुशरॉडची (पेडलचा जोर मास्टर सिलिंडरला देणाऱ्या दांडीची) फट शून्य राहिली, तर ऑइलला परत यायचं छिद्र झाकलेलंच राहतं. दहा-पंधरा किलोमीटर गेलं की ब्रेक आपोआप धरू लागतो, चाकं तापतात, गाडी ओढत नाही. अशा वेळी उभ्या गाडीत निप्पल जरा ढिलं करून बघतात: ऑइलचा फवारा उडून चाक मोकळं झालं तर दाब अडकला होता. मग ब्रेक पुन्हा धरल्यावर मास्टर सिलिंडरचे नट एखादा फेरा ढिले करून चाकं सुटली तर दोष पुशरॉडचा. ब्रेक लाइटचा स्विच जास्त पुढे बसवला तरी हेच होतं, आणि तो कुणी बघत नाही. कॅलिपर उघडून होजवरच लोंबकळत ठेवला तर होज आतून तुटते. बाहेरून दिसत नाही, दोन महिन्यांनी गाडी एका बाजूला ओढू लागते.

चाकांचे नट एअर गनने आवळतात, हा दुसरा रोग. छोट्या कारला साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर पुरतं. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. गन त्याच्या दुप्पट देऊन जाते, डिस्क किंचित वाकडी बसते. लगेच कळत नाही. काही हजार किलोमीटरनंतर पॅड एकाच जागी घासून डिस्कची जाडी कमी-जास्त होते आणि ८० च्या वेगाला पेडल थरथरतं. मग ‘डिस्क गेली’ म्हणून बिल. टॉर्क रेंच लावा असं कार्डवर लिहा आणि उभं राहून बघा.

थरथर आलीच तर डिस्क लेथवर घासून घ्यायचा सल्ला मिळतो, आणि बेळगावच्या उद्यमबागेत लेथला तोटा नाही. घासायला हरकत नाही, पण डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली जाऊन नाही, आणि परत बसवताना हबच्या तोंडावरचा गंज काढूनच. डायल गेज लावून रनआउट (फिरताना डिस्क किती डुलते ते) मोजा, ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या वर असेल तर घासलेली डिस्क पुन्हा तशीच होईल. पॅड ३ मिलिमीटरच्या खाली आले असतील तर तो खर्च तुमचा, त्यावर रिकॉलच्या नावाने भांडू नका. नवे पॅड बसवल्यावर ६० वरून २० पर्यंत मध्यम जोराचे आठ-दहा ब्रेक, मध्ये थंड व्हायला वेळ देत, आणि पहिले दोन-तीनशे किलोमीटर सपाटीवर. त्याच दिवशी आंबोली उतरू नका.

एवढं करूनही दाद लागली नाही तर कायद्याचा रस्ता आहे, पण त्याचा क्रम पाळा. भारतात २०१२ पासून कंपन्यांच्या संघटनेची स्वेच्छा रिकॉलची पद्धत होती. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. दोषामुळे माणसांना धोका असेल आणि ठरावीक प्रमाणात मालकांनी तक्रार केली, तर केंद्र सरकार कंपनीला रिकॉलचा आदेश देऊ शकतं. त्यात दुरुस्ती, बदली गाडी किंवा किंमत परत असे पर्याय आहेत. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना हे लागू. म्हणून परिवहन मंत्रालयाच्या ‘वाहन’ पोर्टलवर तक्रार टाकाच. एकट्याने टाकून तुमचं काम लगेच होणार नाही, पण प्रमाण मोजलं जातं ते अशा नोंदींवरच. तुमची घाटाची तक्रार मात्र तिथे टाकू नका. जुनं ऑइल हा उत्पादनाचा दोष नाही.

स्वतःच्या नुकसानीसाठी आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सीमाभागातल्या माणसाची मोठी सोय केली आहे: तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते. गाडी कोल्हापुरात घेतली म्हणून कोल्हापूरला खेटे घालायला नकोत, बेळगावात दाखल होते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. सेकंडहँड मालकाला कंपनी ‘तुम्ही आमचे ग्राहकच नाही’ असं उत्तर देऊ शकते. तिथे वर्कशॉपला तुम्ही पैसे मोजल्याचं बिल कामी येतं, कारण त्या सेवेचे ग्राहक तुम्ही निश्चित आहात. आणि प्रकरण तिथे जाणार असं वाटत असेल तर वादातला पार्ट बाहेरच्या गॅरेजमध्ये उघडू देऊ नका. आयोग गाडीची तज्ज्ञ तपासणी करवून घेऊ शकतो, पण कुणीतरी आधीच उघडलेल्या असेंब्लीवर तज्ज्ञ काय बोलणार?

राहिलं पावसाळ्याचं. खानापूर, लोंढा, चंदगड या पट्ट्यात जून ते सप्टेंबर मागचे ड्रम ओले राहतात. आठवडाभर हँडब्रेक ओढून उभी ठेवलेली गाडी सकाळी ‘ठक्’ करून सुटते किंवा सुटतच नाही, आणि तेही रिकॉलच्या माथी मारलं जातं. शू ड्रमला गंजून चिकटलेले असतात. जास्त दिवस ठेवायची असेल तर पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकूड लावा, हँडब्रेक सोडा. पावसाळा संपला की मागचे ड्रम उतरवून लाल माती झाडून घ्या, अॅडजस्टर मोकळा फिरतो का बघा, कॅलिपरच्या पिनांना रबराला चालणारं सिलिकोन ग्रीस लावा. चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस तिथे लावलं तर रबर फुगून पिना आणखीच जाम होतात. हे उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर यायच्या आधी करून घ्या. एकदा हंगाम सुरू झाला की संकेश्वर-निपाणी भागात ट्रॉलीमागे वीसच्या वेगाने जाताना पाय दिवसभर ब्रेकवरच असतो.